तिला चक्कर आली नव्हती

गेल्या महिन्यात सुनेची बहीण वाशिंदहून आमच्याकडे शहापूरला आली. ती आणि तिचा नवरा पहिल्यांदाच जहाजाच्या सहलीला निघाले आहेत, मुंबई ते गोवा आणि परत. आमच्या घरातले चौघे, म्हणजे मुलगा, सून, मी आणि माझी बायको, पाच वर्षांपूर्वी तशीच सहल करून आलो होतो, म्हणून ती विचारायला आली होती. बाकीची सगळी माहिती तिने काढली होती. अडलं होतं एकाच गोष्टीवर. जहाजावर पहिल्या संध्याकाळी कप्तानाच्या उपस्थितीत मोठं जेवण असतं, त्याला काय नेसायचं?

"काहीही नेस गं," सून म्हणाली. "कोण बघतंय."

"अगं, पण कागदावर फॉर्मल लिहिलंय."

"लिहू दे. बाबांना विचार. बाबा कोट घालून गेले होते, टाय लावून. तिथल्या वेटरपेक्षा कडक."

दोघी हसल्या. मीही पेपरामागून हसलो. मग बहिणीने विचारलं, "आणि तुझ्या सासूबाई काय नेसल्या होत्या?"

"त्यांना चक्कर आली होती. त्या जेवायला आल्याच नाहीत," सून म्हणाली. हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिला त्या संध्याकाळी चक्कर आली नव्हती. तसं मी सांगितलं होतं. खरं काय झालं ते आता लिहितो.

आम्ही दोघंही मुरबाडकडचे, भातशेती करणाऱ्या घरांतले. मला तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही शहापूरला राहायला आलो. नोकरीत लागल्यावर मी पहिल्या वर्षभरात 'नाय' सोडून 'नाही' म्हणायला शिकलो, शर्ट पँटीत खोचायला शिकलो, साहेबासमोर खुर्चीच्या कडेवर बसायला शिकलो. बायकोने यातलं काही शिकून घेतलं नाही. ती 'नाय'च म्हणत राहिली आणि लुगडंच नेसत राहिली.

आमच्याकडचं लुगडं म्हणजे लग्नाच्या फोटोत दिसते ती पायघोळ नऊवारी नव्हे. ते गुडघ्याशी येतं. चिखलात उभं राहून भाताची लावणी करायची तर तसंच नेसावं लागतं. पोटऱ्या उघड्या राहतात. तिच्या पोटऱ्यांवर गोंदण होतं. शहापुरात भाजी आणायला ती तशीच जायची आणि समोरून माझ्या कचेरीतलं कोणी येताना दिसलं की मी दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचो. कचेरीतल्या लग्नांना मी एकटा गेलो. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला सगळ्यांच्या बायका आल्या होत्या. तिला मी सांगितलं होतं की फक्त कर्मचाऱ्यांनाच बोलावलंय. तेही खोटं होतं.

सहलीचं मुलाने ठरवलं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. आईने समुद्र एकदाच, तोही लांबून पाहिला होता, म्हणून आईला समुद्रावर न्यायचं असं त्याच्या मनात होतं.

"तानशाच्या धरणाएवढं पाणी असंल का रं?" तिने त्याला विचारलं.

"आई, तानसा त्याच्यात गडप होईल."

"मंग बोट कुठं थांबती? भाकरीबिकरी करायला?"

"थांबत नाही. बोटीवरच हॉटेल आहे."

ती दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत होती. बोटीवर हॉटेल आहे.

सहलीची आणि कप्तानाच्या जेवणाची बातमी मुरबाडला गेली आणि तिचा धाकटा भाऊ पिशवी घेऊन आला. पिशवीत गर्द हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं.

"दाजी, कल्याण पालथं घातलं," तो मला म्हणाला. "दुकानदार म्हणतो, नऊवारी शिवलेली देऊ का, नुसती चढवायची. मी म्हटलं, माझी बहीण काय नाटकात काम करती?"

"शिवलेलं लुगडं?" बायको म्हणाली. "त्यापेक्षा उशीचा अभ्रा घालीन."

तिच्या माहेरी एक पद्धत होती. भावाने आणलेल्या लुगड्याची घडी घरात मोडायची नाही. ते पहिल्यांदा नेसायचं ते चारचौघांत, जेवणाच्या पंगतीला, म्हणजे भावाने काय आणलं ते लोकांना दिसतं. भाऊ जाताना म्हणाला, "बाय, कप्तानाच्या पंगतीला मोड घडी. आपल्या गावात कोणाची अशी मोडली नसंल."

"त्याला सांगते, माझ्या भावानं आणलंय," ती म्हणाली.

चार दिवसांनी जहाजाच्या कंपनीचा कागद मुलाच्या फोनवर आला. सगळं इंग्रजीत होतं. त्याने तो आम्हां सगळ्यांच्या फोनवर पाठवला आणि कामावर जाताना मला म्हणाला, "बाबा, तुम्ही वाचून आईला समजावून सांगा."

मी वाचला. त्यात लिहिलं होतं की मोठ्या जेवणाला पुरुषांनी कोट किंवा कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट आणि बूट घालावेत. बायकांनी गाऊन किंवा भारतीय पारंपरिक पोशाख करावा. हाफ पँट, बनियन आणि रबरी चपला चालणार नाहीत. भारतीय पारंपरिक पोशाख हे शब्द मी दोनदा वाचले. मग बायकोला हाक मारली.

"लुगडं चालणार नाही असं लिहिलंय," मी म्हणालो.

"लुगड्याचं नाव लिव्हलंय? त्यांना काय ठावं लुगडं?"

"नाव नाही लिहिलेलं. गुडघ्यापर्यंतचे कपडे चालणार नाहीत असं लिहिलंय."

"कुठं?"

मी फोन तिच्यासमोर धरला आणि नखाने एक ओळ दाखवली. ती हाफ पँटची ओळ होती. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"एवढुशी ओळ," ती म्हणाली. "मंग मी खाली सोडून नेसते. वीतभर."

सुनेने तिला आपली एक पाचवारी साडी नेसवून बघितली. दहा पावलं चालून ती थांबली. "पायात मांजर घोटाळल्यागत व्हतं गं," म्हणाली आणि साडी सोडून ठेवली. मग स्वतःचं एक जुनं लुगडं वीतभर खाली सोडून ती दोन दिवस घरात चालून बघत होती. पावलं आखूड टाकावी लागत. स्वयंपाकघरातून पडवीत जाताना एकदा अडखळली, दाराची चौकट धरली आणि पुन्हा चालायला लागली. जेवायला जाताना आपण पडू नये म्हणून ती हे करत होती. मी पडवीत बसून बघत होतो.

मुंबईहून जहाज दुपारी सुटलं. थोड्या वेळाने ते डोलायला लागलं आणि सुनेला उलट्या सुरू झाल्या. मुलगाही पिवळा पडला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. बायको मात्र अनवाणी त्या डोलणाऱ्या फळ्यांवरून आमच्या तिघांमध्ये फिरत होती. तिने आमसुलं आणली होती. सुनेला एक आमसूल चघळायला दिलं, तिची पाठ चोळली. मला म्हणाली, "बैलगाडीत बसल्यागत बसा. गाडी जिकडं जाईल तिकडं अंग सोडायचं. ताठ बसलात तर पोट ढवळंल." संध्याकाळपर्यंत तिघेही ठीक झालो. त्या दिवशी चक्कर न आलेलं आमच्यातलं माणूस ती एकटीच.

सात वाजता मी आमच्या खोलीत आरशासमोर उभा राहिलो. मुलाच्या लग्नात शिवलेला कोट पोटावर बसत नव्हता, तो ओढून बटण लावलं. तेवढ्यात ती मोरीतून बाहेर आली. हिरवं लुगडं वीतभर खाली सोडलेलं. घरून ओल्या फडक्यात बांधून आणलेला गजरा अंबाड्यात माळलेला. पायात नवीन सँडल. ती चांगली दिसत होती. हेही मी तिला कधी सांगितलं नाही.

पण वीतभर खाली सोडूनही पोटऱ्या दिसत होत्या. गोंदण दिसत होतं. टाचांच्या भेगा दिसत होत्या.

"हे काढ," मी म्हणालो.

"का? खाली सोडलंय की."

"तिथे सगळे सुटाबुटात असतील. तुला दारातच अडवतील."

"अडवू दे. त्यांच्या तोंडून ऐकते आणि मागं फिरते. त्यात काय?"

"तुला काही वाटणार नाही. मला वाटेल."

"काय वाटंल?"

"लाज वाटेल," मी म्हणालो. "पन्नास वर्षं वाटतेय. आज तरी नको."

हे शेवटचं वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. पदर नीट केला. मग म्हणाली, "मंग तुमी जावा. मी भाकरी आणलीया."

मी दार ओढून घेतलं आणि गेलो.

जेवणाच्या दालनात मुलगा आणि सून टेबलाशी बसले होते. मुलाने विचारलं, "आई?"

"तिला चक्कर येतेय. गोळी देऊन झोपवलंय."

"आत्ता तर ठीक होती. आम्हालाच आमसुलं चारत होती."

"आता आली चक्कर. वयाचं काय सांगता येतं."

सून उठली. "मी बघून येते."

"नको उठवूस. आत्ताच डोळा लागलाय," मी म्हणालो. ती बसली. पण सूप आल्यावर हात धुवून येते म्हणून गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. नंतर तिने काही खाल्लं नाही. दुपारच्या उलट्यांमुळे असेल असं मला वाटलं.

त्या दालनात लोक काय घालून आले होते ते आता सांगतो, कारण ते मला शर्टाच्या बटणांसकट आठवतं. कोट घातलेले पुरुष माझ्यासकट सात-आठ असतील. बाकीचे फुलाफुलांच्या शर्टात. बायका सलवारीत, साड्यांत, काही गाऊनमध्ये. शेजारच्या टेबलावर एका व्यापारी कुटुंबातली म्हातारी पांढऱ्या साडीत डोक्यावर पदर घेऊन बसली होती, आणि पायात तिने नातवाचे असावेत असे पळायचे बूट घातले होते. कप्तान टेबलांमधून फिरत तिच्यापाशी आला तेव्हा वाकून त्याने तिला नमस्कार केला आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आमच्या टेबलापाशी त्याने नुसती मान हलवली. शेवटी एक तरुण हाफ पँटमध्ये आला. त्याच हाफ पँटमध्ये, जिची ओळ मी नखाने दाखवली होती. त्याला कोणी अडवलं नाही. तो आइस्क्रीम घेऊन आमच्यासमोरच बसला.

कोणी कोणाला अडवत नव्हतं. माझ्या कोटाकडेही कोणी बघितलं नाही. मी उठून तिला आणायला जाऊ शकलो असतो, जेवण अजून निम्मं बाकी होतं. मी बसून राहिलो आणि सगळं जेवलो.

परत आलो तेव्हा ती रोजच्या लुगड्यात होती. हिरवं घडी करून पिशवीत गेलं होतं. ती काचेपाशी बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खात होती.

"काय होतं जेवाया?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"आणि बाया काय नेसल्या व्हत्या?"

"सगळ्या गाऊनमध्ये," मी म्हणालो. "एकही साडी नव्हती."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "बरं झालं मंग," ती म्हणाली. "मी आले नाय ते."

मला हायसं वाटलं. त्या वेळी मला खरंच हायसं वाटलं.

घरी आल्यावर ती गोष्ट आमच्या नातेवाइकांत पसरली. एवढ्या हौसेने बोटीवर गेली आणि ऐन जेवणाला आडवी झाली. तिचा भाऊ तर प्रत्येक भाऊबीजेला सुरू व्हायचा. "काळू नदीच्या पुरातून डोक्यावर भारा घेऊन यायची ही माझी बहीण! पाण्यातून चालली, पाण्यावर झोपली!" सगळे हसायचे. तीही हसायची. माझ्याकडे बघायची नाही. त्याने एकदा विचारलं, "बाय, लुगडं तरी नेसलीस का?" ती म्हणाली, "उलटीत खराब व्हईल म्हणून नाय नेसले." पुढे ते लुगडं तिने माहेरच्या शेतात लावणीला येणाऱ्या एका बाईला देऊन टाकलं. भावाने त्या बाईच्या अंगावर ते ओळखलं, आणि पुढची दोन वर्षं त्याने बहिणीला लुगडं आणलं नाही, पैशाचं पाकीट दिलं.

याहून वाईट पुढेच झालं. आईला प्रवास झेपत नाही असं मुलाने धरून घेतलं. त्यानंतर तो तिला कुठेच नेईना. रागाने नव्हे, काळजीने. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न पुण्याला होतं. सख्खी एकुलती आत्या ही. मुलगा म्हणाला, "आई, चार-पाच तास गाडीत बसायचंय, घाट आहे. परत चक्कर आली तर?" मी तिथेच होतो. दोन शब्द बोललो असतो तर ती लग्नाला गेली असती. मी सॉक्स घालत होतो, तेच घालत राहिलो. तीच म्हणाली, "नको रं. मला झेपत नाय. तुमी जाऊन या." लग्नात तिच्या भावाने मला विचारलं, "दाजी, आत्याशिवाय मुलीवर अक्षता पडतायत, बरं दिसतं का?" मी म्हणालो, "तिची तब्येत तुम्हाला ठाऊकच आहे."

त्यानंतर वर्षभरात ती गेली. आठवड्याचा ताप, बस.

सुनेची बहीण गेल्यावर त्या दिवशी मी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि सांगितलं. कागद, हाफ पँटची ओळ, खोलीतलं बोलणं, सगळं. मुलगा मधे एकदाच बोलला. "म्हणजे मी आईला घरी ठेवून जात होतो ते..."

सून म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं."

त्या संध्याकाळी हात धुवायचं निमित्त करून ती आमच्या खोलीवर गेली होती. सासू हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून पलंगावर बसली होती.

"मी म्हटलं, आई, चला ना. त्या म्हणाल्या, कागदात बसत नाय. कागद माझ्या फोनवर होताच. मी वाचून दाखवला, मराठीत सांगितला. त्या म्हणाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला."

"मग?"

"मग म्हटलं, आता तरी चला. मी बाबांशी बोलते. तर म्हणाल्या, नको. मला कळलंय हे त्यांना कळलं, तर उद्यापास्नं ते माझ्याशी गोड बोलतील. ते मला सोसायचं नाय. आणि मला शपथ घातली."

म्हणजे मी परत आलो आणि तिने बाया काय नेसल्या होत्या असं विचारलं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ती मला विचारून बघत होती. मी गाऊन म्हणालो. त्यावर ती बरं झालं म्हणाली. आणि पुढची तीन वर्षं, आपल्याला चक्कर येते असं स्वतःच्या तोंडाने सांगत राहिली. मला वाटायचं, ती माझी अब्रू सांभाळतेय. तसं काही नव्हतं. तिला माझं गोड बोलणं नको होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला तिच्या भावाकडे गेलो. तो अंगणात भेंडी निवडून क्रेटमध्ये भरत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. तो भेंडी निवडत राहिला. संपल्यावर म्हणाला, "मी तिला हसलो, दाजी."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"ओवाळताना हसलो. ती ताट धरून उभी, आणि मी हसतोय. तुमी तिथंच बसला व्हता."

"होतो."

"तुमी पण हसला व्हता."

मी हो म्हणालो. हसलो होतो.

त्याने क्रेट उचलून बाजूला ठेवला. "हे मला एकट्याला सांगून काय व्हतं? मी सगळ्या गावात सांगितलंय, ती कशी पडून राहिली ते. आता मी कोणाकोणाला धरून सांगू? तिच्या नवमीला सगळी येतील. तवा उभं राहून सांगा. पंगत बसायच्या आधी."

सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला घालतात. नवरा जिवंत आहे तोवर ते घालायचं असतं. त्या दिवशी आमच्याकडे दोन्हीकडची माणसं येतात, पन्नास-साठ पानं उठतात. तिला हसलेली बहुतेक सगळी माणसं त्यात असतात.

मी त्याला कबूल केलं. त्याने मला बसा म्हटलं नाही, आणि मी निघालो तेव्हा थांबवलंही नाही.

नवमीला अकरा दिवस आहेत. चारचौघांत उभं राहून बोलायची मला कचेरीपासून सवय आहे, पण हे माझ्या तोंडून नीट निघेल याची खात्री नाही. म्हणून हे लिहून काढलं. काल मुलाला वाचायला दिलं आणि म्हणालो, त्या दिवशी मी अडखळलो तर तू वाचून दाखव.

त्याने सगळं वाचलं. कागद माझ्या हातात परत दिले.

"मी नाही वाचणार, बाबा," तो म्हणाला. "अडखळलात तर अडखळा. पण तुम्हीच सांगा."